संकेतस्थळावरील प्लगइनांचा परस्परविरोध व त्याचे निदान

वर्डप्रेस ही संकेतस्थळ उभारण्याची मुक्त प्रणाली २००३ साली प्रसिद्ध झाली, आणि २००४ मधील १.२ या आवृत्तीपासून तीत प्लगइनांची सोय झाली. मूळ प्रणालीला हात न लावता तिच्या कार्यात भर घालणारा स्वतंत्र आज्ञासंच म्हणजे प्लगइन होय. या सोयीमुळे आज्ञालेखनाचे शिक्षण नसलेल्या मनुष्यासही संकेतस्थळ चालविता येऊ लागले. परंतु हे आज्ञासंच निरनिराळ्या लेखकांनी, एकमेकांस न विचारता लिहिलेले असतात; त्यामुळे त्यांच्यात विरोध उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. अशा विरोधात दोष बहुधा कोणा एकाचा नसून दोहोंच्या संबंधात असतो, ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळेच निदान चुकते.

विरोधाचे दोन प्रकार ढोबळमानाने करता येतात. पहिला उघड विरोध. दोन प्लगइनांनी एकाच नावाचे फंक्शन घोषित केले, तर पीएचपी ही भाषा दुसऱ्या घोषणेपाशी थांबते आणि पान उमटतच नाही. २०१९ मधील ५.२ या आवृत्तीपासून अशा वेळी व्यवस्थापकास ईमेलने सूचना जाते आणि ज्या प्लगइनात आज्ञावली थांबली, त्याचे नाव कळते. तथापि ज्याचे नाव येते तोच अपराधी, असे मानणे घाईचे ठरेल. सक्रिय प्लगइन सामान्यतः त्यांच्या फोल्डरांच्या वर्णानुक्रमाने वाचले जातात. म्हणून दोहोंपैकी जो नंतर वाचला गेला त्याच्यावर आळ येतो, एवढेच.

दुसरा प्रकार मूक विरोधाचा असून तो अधिक त्रासदायक आहे. त्यात पान उमटते, त्रुटीची सूचना येत नाही. केवळ फल चुकते. मराठी संकेतस्थळांच्या दृष्टीने याचे बोधक उदाहरण पानाच्या पत्त्याचे आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटांनी लिहिला जातो, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटास एक टक्केचिन्ह व दोन अंक अशी तीन चिन्हे लागतात. म्हणजे एका वर्णास ९ चिन्हे झाली; येथे काना, मात्रा यांचीही स्वतंत्र वर्ण म्हणून गणना होते. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या भागास २०० चिन्हांचीच जागा आहे.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबाद येथील बाजारभाव देणारे एखादे संकेतस्थळ कल्पावे, आणि त्यातील पानाचे शीर्षक ‘हसनाबाद भोकरदन जालना बाजारभाव’ असे मानावे. ‘हसनाबाद’ या शब्दात पाच व्यंजने व दोन काने मिळून सात वर्ण, म्हणजे ६३ चिन्हे होतात. ‘भोकरदन’ ५४ व ‘जालना’ ४५ चिन्हे घेतो. दोन संयोगचिन्हे धरून १६४ जागा येथेच संपतात. उरलेल्या ३६ जागांत आणखी एक संयोगचिन्ह व तीनच वर्ण मावतात. सबब पत्ता ‘हसनाबाद-भोकरदन-जालना-बाज’ येथे तुटतो. शीर्षकाच्या अखेरीस दिनांक घातला, तरी तो पत्त्यात येतच नाही, आणि निरनिराळ्या दिवसांची पाने केवळ शेवटी जोडलेल्या क्रमांकाने ओळखावी लागतात.

यावर उपाय म्हणून शीर्षकाचे रोमन लिप्यंतर करून पत्ता बनविणारा प्लगइन बसविला जातो. वर्डप्रेसमध्ये शीर्षक ज्या फिल्टरांतून जाते, त्यांना क्रमांक असतात व लहान क्रमांकाचे काम आधी होते. शीर्षकाचे टक्केचिन्हांत रूपांतर करण्याचे मूळ काम १० या क्रमांकावर असते. म्हणून लिप्यंतर ९ वर ठेवणे योग्य होय. आता समजा, दुसऱ्या एका प्लगइनाने तेच रूपांतर ८ वर उरकले. मग ९ वरील लिप्यंतरकाराच्या हाती देवनागरी वर्ण उरतच नाहीत, आणि तो काहीही न करता शीर्षक पुढे सोडतो. एकेकटे चालविले असता दोन्ही प्लगइन आपापले काम बिनचूक करतात. एकत्र आल्यावर मात्र पहिला निरुपयोगी ठरतो. पाहणारा पहिल्यास दोष देऊन काढून टाकतो, आणि खरे कारण तसेच राहते. वस्तुतः त्याचा क्रमांक ९ ऐवजी ७ केल्यास विरोध मिटतो.

अशी जोडी शोधावी कशी? १६ प्लगइन असल्यास त्यांच्या १२० जोड्या होतात. त्या एकेक तपासणे व्यवहार्य नव्हे. परंतु यादी क्रमाने मांडून प्रथम वरचे आठ सुरू ठेवावेत. दोष दिसल्यास चार, न दिसल्यास बारा, याप्रमाणे अर्धे करीत गेल्यास चार प्रयोगांत दोष प्रथम प्रकट करणारा प्लगइन सापडतो. तो कायम ठेवून त्याच्या वरच्या प्लगइनांवर हीच रीत चालविली, की आणखी चार प्रयोगांच्या आत त्याचा जोडीदार हाती लागतो. शेवटी ते दोघेच सुरू ठेवून दोष पुन्हा दिसतो की नाही, याची खात्री करावी.

या प्रयोगांत तीन पथ्ये आवश्यक आहेत. प्रयोग चालू संकेतस्थळावर न करता त्याच्या प्रतीवर करावेत. प्रत्येक प्रयोगापूर्वी साठविलेली जुनी पाने पुसून टाकावीत. अन्यथा मागील प्रयोगाचेच फल समोर येते. आणि प्रत्येक वेळी नवे पान तयार करून पाहावे. कारण पत्ता एकदा जतन झाला, की प्लगइन बंद केल्यानेही तो पूर्ववत होत नाही.

या शेवटच्या पथ्यातच विषयाचे गांभीर्य आहे. बाजारभावाचा पत्ता गावोगावच्या शेतकऱ्यांकडे मोबाइलवरून एकदा गेला, की तो संकेतस्थळाच्या मालकाच्या हाती राहत नाही. दोष शोधताना घाईने काढलेला प्लगइन पुन्हा बसविता येतो. परंतु मोडलेला पत्ता घेऊन आलेला वाचक परत येईलच, असे नाही. म्हणून काढून टाकण्याआधी क्रम तपासावा, हाच या निदानशास्त्राचा पहिला नियम मानला पाहिजे.