घरापुरती सौर वीज : उभारणी आणि निगा

पुणे शहरात आज घरांच्या छपरांवर निळसर काळ्या सौरपट्ट्या जागोजागी दिसतात. कामानिमित्त शहरात येणारा शेतकरी त्या पाहतो आणि आपल्या वस्तीवरही असेच काही करावे, म्हणजे रात्रीच्या अंधाराची कटकट मिटेल, असा विचार मनात घेऊन परततो. विचार उत्तम आहे. परंतु येथेच पहिला गैरसमज होतो व तो ग्रामसेवक बंधूंनी आरंभीच दूर केला पाहिजे. शहरातील यांपैकी बहुतेक संच महावितरणच्या तारेशी जोडलेले असतात. दिवसा निर्माण झालेली जादा वीज ते तारेत सोडतात व रात्री तारेतूनच वीज घेतात. त्यांच्याजवळ साठा करणारी बॅटरी नसते. तारेतील वीज गेली की, लाइनवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून, असा संच भर उन्हातही आपोआप बंद पडतो. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या 'पंतप्रधान सूर्यघर' योजनेचे अनुदान अशाच तारजोड संचांकरिता आहे. ज्या घरापर्यंत तार पोहोचलेली नाही, अथवा पोहोचूनही तिचा भरवसा नाही, त्या घराला बॅटरीसह स्वतंत्र संच उभारावा लागतो. त्याचा खर्च वेगळा, हिशेब वेगळा आणि निगा तर पूर्णपणे वेगळी. या लेखात त्याच संचाचा विचार केला आहे.

जेथे तारेची वीज नियमित येते तेथे केवळ हौसेखातर बॅटरीचा संच बसवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बॅटरी ही खर्चाची बाब असून ती काही वर्षांनी बदलावीच लागते. मुळशी, मावळ, भोर या तालुक्यांच्या डोंगरी भागातील सुटी घरे, धनगरवाडे, शेतातील राखणीची घरे यांना मात्र हा संच मोठा आधार ठरतो.

प्रथम गरज मोजावी आणि मगच पैसा काढावा. पुण्याच्या बुधवार पेठेत गरवारे महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. हेमा साने यांनी विजेच्या जोडणीवाचून आयुष्य काढले व त्याच घरी राहून ग्रंथलेखन केले. सर्वांनी तसे करावे असे कोणी म्हणणार नाही. पण घराला खरोखर किती वीज लागते हा प्रश्न स्वतःला विचारण्यास हे उदाहरण उपयोगी पडावे.

पाच माणसांच्या एका साध्या घराचा हिशेब मांडू. 7 वॅटचे चार एलईडी दिवे रोज 4 तास जळले तर 112 वॅट-तास लागतात. बॅटरीवर थेट चालणारा 28 वॅटचा पंखा 8 तास फिरला तर 224, 30 वॅटचा लहान दूरदर्शन संच 3 तास चालला तर 90 आणि मोबाइल भरण्यास सुमारे 20. एकूण 446, म्हणजे ढोबळ मानाने 450 वॅट-तास, अर्थात अर्ध्या युनिटाहूनही कमी. बॅटरीत शिरताना, तिच्यातून निघताना व तारांमधून वाहताना वीज काहीशी वाया जाते. म्हणून 450 ला 0.7 ने भागावे. सौरपट्टीने रोज सुमारे 640 वॅट-तास द्यावयास हवेत, असे उत्तर येते.

आता ऊन किती मिळते ते पाहू. पुण्यात सपाट जमिनीच्या एका चौरस मीटरवर वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे साडेपाच युनिट सूर्यशक्ती पडते. एप्रिल-मे महिन्यांत ती सातच्या जवळ जाते, तर जुलै-ऑगस्टमध्ये चारच्या आसपास उतरते. घाटमाथ्याकडे पावसाळी ढग अधिक काळ ठाण मांडून बसतात, तेव्हा तिकडे त्याहूनही कमी धरावे. हिशेब नेहमी वाईट महिन्याचा करावा. उन्हाळ्याचा हिशेब करून घेतलेला संच आषाढात हात टेकतो. 640 ला 4 ने भागले असता 160 वॅट येतात. पट्टीवरील वॅटचा आकडा प्रयोगशाळेतील प्रखर प्रकाशात व 25 अंश तापमानात मोजलेला असतो. आपल्या छपरावर ती पट्टी 55-60 अंशांपर्यंत तापते व तापमानाच्या प्रत्येक अंशामागे तिची शक्ती शेकडा 0.4 च्या सुमारास घटते. धूळही असतेच. म्हणून 200 वॅटची पट्टी घ्यावी.

बॅटरीचा हिशेब असा. लागोपाठ दोन दिवस सूर्यदर्शन झाले नाही तरी घर चालावे, म्हणून 900 वॅट-तासांचा साठा हवा. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते. तेव्हा साठा दुप्पट, म्हणजे 1800 वॅट-तासांचा ठेवावा. त्याला 12 व्होल्टने भागले की 150 ॲम्पिअर-तास येतात. 12 व्होल्ट, 150 ॲम्पिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी व 20 ॲम्पिअरचा चार्ज कंट्रोलर या घराला पुरेसा होय. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी या कामी लावण्याचा मोह अनेकांना होतो. ती बॅटरी इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनविलेली असते. तिच्या पट्ट्या पातळ असतात व रोजच्या खोल उपशाने ती फार लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग पडते, पण तिला पाणी घालावे लागत नाही व तिचा साठा बराच अधिक वापरता येतो. ज्याला परवडेल त्याने ती अवश्य घ्यावी. मात्र कंट्रोलर तिला चालणारा आहे ना, हे विकत घेतानाच विचारावे. इस्त्री व पाण्याची मोटर या संचावर कधीही लावू नये. 1000 वॅटची इस्त्री तासभर तापत राहिली तर घराची दोन दिवसांची वीज खाऊन टाकते.

पुण्याच्या तपकीर गल्लीत विजेच्या वस्तूंची दुकाने एकास एक लागून आहेत. तेथे जाताना वरील आकडे कागदावर लिहून न्यावेत. बहुतेक माणसे पट्टी व बॅटरी पारखून घेतात आणि तारेच्या बाबतीत काटकसर करतात. नेमके तेथेच नुकसान होते. या संचात पट्टीतून सुमारे 11 ॲम्पिअर प्रवाह येतो. पट्टीपासून कंट्रोलर 10 मीटर दूर असेल आणि तांब्याची तार 2.5 चौरस मिलिमीटर जाडीची असेल, तर दीड व्होल्टहून अधिक दाब वाटेतच गळून जातो. 12 व्होल्टच्या संचात ही गळती म्हणजे फुटक्या पाटाने पाणी नेण्यासारखेच आहे. अंतर 5 मीटरवर आणले व तार 6 चौरस मिलिमीटरची वापरली, तर तीच गळती एक तृतीयांश व्होल्टवर येते. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज असलाच पाहिजे व तो एकदिश प्रवाहासाठी बनविलेला असावा. घरगुती साधे बटण येथे चालत नाही, कारण एकदिश प्रवाहाची ठिणगी सहज विझत नाही.

पट्टीचे तोंड दक्षिणेकडे करावे व पुण्याच्या अक्षांशाइतका, म्हणजे 18 ते 20 अंशांचा, कल द्यावा. होकायंत्र नसल्यास अंगणात सरळ काठी रोवावी. दुपारी साडेबाराच्या सुमारास काठीची सावली सर्वांत आखूड होते. पुण्याचा खरा मध्यान्ह घड्याळाच्या बारा वाजता नव्हे, तर त्यानंतर अर्ध्या तासाने होतो. त्या वेळची सावलीची रेषा दक्षिणोत्तर असते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. परंतु त्यासाठी पट्टी फिरवीत बसण्याचे कारण नाही. सावलीबाबत मात्र काटेकोर राहावे. पट्टीतील घट एका माळेत ओवलेले असतात. आंब्याच्या एका फांदीची सावली दोनचार घटांवर पडली तरी साऱ्या माळेचा प्रवाह अडतो. कौलारू घरावर पट्टी बसविण्यापेक्षा अंगणात लोखंडी खांबावर बसविणे बरे. कौले फुटत नाहीत, धुण्यास सोपे जाते, आणि वानरांच्या उड्यांपासूनही काही प्रमाणात बचाव होतो. वळवाच्या वाऱ्यात खांब हलू नये म्हणून त्याचा पाया खोल व काँक्रीटचा असावा. चौकट जमिनीशी अर्थिंगने जोडावी.

जोडणी करताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पट्टी आणि शेवटी दिवे जोडावेत. सोडविताना क्रम उलटा ठेवावा. कंट्रोलर बॅटरीचा दाब पाहून आपले काम ठरवितो, म्हणून बॅटरी पहिली.

आता निगेविषयी. वाड्यावस्त्यांवरील संच बंद पडतात ते बहुधा पट्टीमुळे नव्हे. 1954 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा उपयुक्त सौरघट प्रथम तयार झाला, तेव्हा त्याची कार्यक्षमता शेकडा सहाच्या आसपास होती. आजची पट्टी तिप्पट कार्यक्षम असून पंचवीस वर्षे टिकते. मरते ती बॅटरी, आणि तिच्या मरणाची कारणे घरातच असतात. बॅटरी उतरली की कंट्रोलर दिवे बंद करतो. एखादा क्रिकेटचा सामना अर्धा राहतो, कोणीतरी कंट्रोलर वगळून दूरदर्शनची तार थेट बॅटरीला लावतो, आणि पुढे ती तशीच राहते. बॅटरी रोज तळापर्यंत उपसली जाते व दोन पावसाळ्यांत निकामी होते. घरात पुन्हा चिमणी पेटते. कंट्रोलरने दिवे बंद केले तर तो बिघाड नव्हे, हे घरातील प्रत्येकास समजावून सांगावे.

हे शिक्षण घरातील बाईला अगत्याने द्यावे. पुरुष मजुरीसाठी पुण्या-मुंबईकडे गेलेले असतात. संचाजवळ राहणारी तीच असते. तिने दर महिन्यास प्रत्येक घटातील पाण्याची पातळी पाहावी व कमी झाल्यास ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी क्षारांमुळे बॅटरीला घातक असते, आणि आम्ल तर घरी केव्हाही घालू नये. हायड्रोमीटर एका घरास परवडत नसेल तर वाडीने मिळून एक घ्यावा. ट्यूब्युलर बॅटरी पूर्ण भरली असता तो 1.240 च्या आसपास दाखवितो, 1.180 च्या खाली काटा गेल्यास दोन दिवस पंखा व दूरदर्शन बंद ठेवावे. एखाद्या घटाचे माप इतरांपेक्षा 0.030 हून अधिक कमी येऊ लागले तर तो घट आजारी पडला असे समजून विक्रेत्यास बोलवावे. टोकांवरील पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून तेथे व्हॅसलीन लावावे.

भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व तो पेट घेतो. म्हणून ती हवेशीर जागी लाकडी फळीवर, लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. चूल, देवघरातील समई व विडी यांना तेथे मज्जाव असावा. निजण्याच्या खोलीत तर ती ठेवूच नये.

पट्टी दिवाळीपासून मृगापर्यंत दर पंधरवड्यास साध्या मऊ कपड्याने व स्वच्छ पाण्याने धुवावी. हे काम सकाळी करावे. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकल्यास ती तडकण्याचा संभव असतो. मृगापूर्वी एकदा खांबाचे बोल्ट आवळावेत आणि उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत काय ते पाहावे.

जीर्ण बॅटरी शेताच्या बांधावर फोडून शिसे काढण्याचा उद्योग कोणी करू नये. ते विष विहिरीत व पोरांच्या पोटात उतरते. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानात द्यावी, तिची किंमत बिलातून वजा करून घ्यावी आणि हमीपत्रावर तारीख व शिक्का पडल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नये.