२२४ पेशंट, एक प्रश्न आणि जगभर गेलेलं उत्तर

‘इम्पॅक्ट’ हा शब्द आपल्या तोंडी दिवसातून दहा वेळा असतो. रीलला व्ह्यूज किती, पोस्टला लाइक्स किती! संशोधनाच्या जगातही असाच हिशेब चालतो. पेपर कुठल्या जर्नलमध्ये आला, किती जणांनी त्याचा दाखला दिला, वगैरे. पण कॅन्सरच्या संशोधनाला एक साधा प्रश्न विचारता येतो: हा पेपर आल्यावर ओपीडीत बसलेल्या डॉक्टरांचा निर्णय बदलला का?

या कसोटीवर बघण्यासारखं नाव म्हणजे डॉ. वेदांग मूर्ती. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमधले हे रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या कॅन्सरवर काम करतात. म्हणजे घरात कुणी उघडपणे बोलत नाही, अशा आजारांवर.

प्रश्न काय होता?

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. तिचा कॅन्सर पसरायला लागला की अनेकदा आधी ओटीपोटातल्या लिम्फ नोड्समध्ये, म्हणजे लसिका ग्रंथींमध्ये जातो. मग रेडिएशन फक्त प्रोस्टेटला द्यायचं की आजूबाजूच्या नोड्सनाही? स्कॅनमध्ये तिथे काही दिसत नसेल तर? जगभरातले डॉक्टर यावर वर्षानुवर्षं दोन गटांत विभागलेले होते. अमेरिका आणि फ्रान्समधल्या आधीच्या चाचण्यांनीही वाद मिटला नव्हता.

आपल्याकडे तर हा प्रश्न जास्तच जवळचा. प्रोस्टेटसाठी नियमित तपासणीची पद्धत नसल्यामुळे बरेच पेशंट आजार वाढल्यावरच येतात.

टाटामध्ये नोव्हेंबर २०११ ते ऑगस्ट २०१७ या काळात २२४ पेशंट एका चाचणीत घेतले गेले. चाचणीचं नाव ‘पॉप-आरटी’. निवड काटेकोर होती. ज्यांच्या नोड्समध्ये आजार लपलेला असण्याची शक्यता किमान २० टक्के आहे, असेच पेशंट घेतले. त्यातल्या बहुतेकांचं पीएसएमए पेट स्कॅन झालं होतं. हे स्कॅन प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी शोधण्यात साध्या स्कॅनपेक्षा तरबेज असतं. मग चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला फक्त प्रोस्टेटवर रेडिएशन, दुसऱ्याला नोड्सवरही. हार्मोनची औषधं दोन्ही गटांना किमान दोन वर्षं.

चिठ्ठी कशासाठी? कारण डॉक्टरांनीच गट ठरवले, तर नकळत धडधाकट पेशंट एका बाजूला जाऊ शकतात. मग फरक उपचाराचा की पेशंटचा, हे कळणारच नाही.

निकाल काय लागला?

२०२१ मध्ये निकाल ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त छापून आला. पीएसए नावाच्या रक्तचाचणीतून आजार परतल्याची पहिली चाहूल लागते. पाच वर्षांनंतर ही चाहूल न लागलेल्यांचं प्रमाण नोड्सनाही रेडिएशन मिळालेल्या गटात ९५ टक्के होतं, तर फक्त प्रोस्टेटवर रेडिएशन मिळालेल्या गटात ८१.२ टक्के. दूरच्या अवयवांत पसरण्याचं प्रमाणही पहिल्या गटात कमी होतं.

पण थांबा. पाच वर्षांत जिवंत राहिलेल्यांच्या प्रमाणात दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. नोड्सवर रेडिएशन घेतलेल्यांना लघवीचे त्रासही काहीसे जास्त झाले. अभ्यास एकाच हॉस्पिटलमधला, हेही खरं. या सगळ्या गोष्टी पेपरमध्ये आहेत, आणि म्हणूनच डॉक्टर पेशंटला फायदा-तोटा दोन्ही समजावून सांगू शकतात. जुना वाद पुढे सरकला तो असा.

सोलापूरला याचं काय?

याच टीमने पुढे ‘प्राइम’ नावाची चाचणी हाती घेतली, ४३४ पेशंटचं लक्ष्य ठेवून. प्रश्न असा की २५ वेळा देतात ते रेडिएशन नेमकेपणाने, मोठ्या डोसमध्ये फक्त ५ वेळा देऊन तेवढाच परिणाम साधेल का?

आता हे सोलापूरच्या नजरेतून बघा. आठवड्याला पाच दिवस धरले तर २५ वेळा म्हणजे पाच आठवडे. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघायचं, सकाळी मुंबई. मग धर्मशाळेत किंवा नातेवाइकांकडे मुक्काम. सोबत आलेल्या मुलाचा रोजगार बुडतो तो वेगळाच. २५ आणि ५ मधला फरक कागदावर आकड्यांचा, घरात मात्र महिन्याच्या कमाईचा. असा प्रश्न विचारायला लांबून येणाऱ्या पेशंटची गर्दी रोज बघावी लागते.

मोठं संशोधन फक्त मुंबईत होतं असंही नाही. आपल्या बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचे डॉ. बी. एम. नेने आणि सहकाऱ्यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांमध्ये १,३१,७४६ महिलांचा अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येऊ शकतात, हे त्यातून पुढे आलं. २००९ मध्ये तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला.

आणि हे काम फक्त डॉक्टरांचं नाही. गट पाडायला, आकडे तपासायला स्टॅटिस्टिक्सवाले लागतात. पेशंटचा वर्षानुवर्षं माग ठेवायला नर्सेस, डेटा सांभाळणारे, समाजकार्य शिकलेले लागतात. बीएस्सी, एमएसडब्ल्यू करणाऱ्यांनो, वाचताय ना?

घरी बोलाच!

• लघवीत रक्त दिसलं, एकदाच दिसलं, दुखत नसलं तरी डॉक्टरांना दाखवायचं.
• आजोबा रात्री चार-चार वेळा उठतात, धार अडखळते? बहुतेकदा कारण साधंच असतं. पण ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका.
• पीएसए चाचणी मनाने करू नका. गरज आहे का, ते डॉक्टरांना विचारा.
• विडी-सिगारेट म्हटलं की तोंड आणि फुप्फुस आठवतं. पण धुरातली विषारी द्रव्यं रक्तातून मूत्राशयातही पोचतात आणि तिथला कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. विड्या वळणाऱ्या आपल्या शहराला हे माहीत असायलाच हवं.