थांबवून पाहण्याचे व्हिडिओ

करमणुकीचा व्हिडिओ एकदा सुरू झाला की प्रेक्षकाने तो मध्ये न उठता शेवटपर्यंत पाहावा, यासाठी बनवणाऱ्याचा सारा खटाटोप असतो. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांसाठी बनवलेला तांत्रिक पाठ मात्र जो वारंवार थांबवतो, मागे नेतो आणि मधल्या वेळात तीच कृती आपल्या संगणकावर करून पाहतो, त्यालाच खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन या संशोधकांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरील चार अभ्यासक्रमांतील व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या. त्यात विद्यार्थ्यांच्या पाहण्याचा मध्यक काळ, म्हणजे निम्मे विद्यार्थी ज्याच्या अलीकडे आणि निम्मे पलीकडे असतात तो काळ, व्हिडिओ कितीही लांब असला तरी सहा मिनिटांपुढे जात नाही, असे दिसून आले. या सहा मिनिटांचा पुढे बराच गवगवा झाला. त्याच अभ्यासातील अधिक मोलाचे निरीक्षण त्यामानाने मागे पडले: व्याख्यान आणि कृती करून दाखवणारा पाठ या दोहोंकडे विद्यार्थी वेगवेगळ्या रीतीने पाहतात, आणि पाठाचे तुकडे ते पुन्हा पुन्हा पाहतात, म्हणून पाठ बनवणाऱ्याने पुनर्दर्शनाची आणि हवे तेवढेच शोधून काढण्याची सोय आधी करावी.

संगणकाच्या पडद्यावर जे घडते ते निवेदनासह जसेच्या तसे टिपण्याच्या प्रकाराला ‘स्क्रीनकास्ट’ म्हणतात. हा शब्द २००४ मध्ये अमेरिकी तंत्रपत्रकार जॉन उडेल यांनी वाचकांकडून नावे मागवली तेव्हा पुढे आला, पण कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस, दुवे आणि पडद्यावरचे लेखनसंपादन यांचे दीड तासाचे जे प्रात्यक्षिक मोठ्या पडद्यावर दाखवले, त्याचे चित्रण आजही पाहता येते. २००५ मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी ‘रूबी ऑन रेल्स’ ही आपली प्रणाली वापरून पंधरा मिनिटांत एक ब्लॉग उभा करून दाखवला, आणि तो व्हिडिओ जगभरच्या प्रोग्रॅमरांत गाजला. मात्र प्रात्यक्षिक आणि पाठ यांत गल्लत होता कामा नये. प्रात्यक्षिक पाहून माणूस थक्क होतो आणि वेग हाच त्याचा गुण ठरतो. पाठात तोच वेग शिकणाऱ्याच्या मुळावर येतो.

पाठ म्हणजे काय याचा सर्वांत शिस्तबद्ध विचार ज्या मोजक्या ठिकाणी झाला, त्यांत पवईच्या आयआयटी मुंबईतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प येतो. रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला आणि केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक अभियानातून निधी मिळालेला हा प्रकल्प पायथन, सी, जावा, लिनक्स, सायलॅब, लेटेक, लिबरऑफिस यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरचे, म्हणजे कोणीही विनाशुल्क वापरावे आणि ज्याचा कोड कोणीही उघडून पाहावा अशा सॉफ्टवेअरचे, सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ तयार करतो. जिथे तज्ज्ञ शिक्षक मिळत नाही अशा महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यानेही ते एकट्याने शिकावेत, ही त्यामागची मूळ अट आहे. विद्यार्थी पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडतो, एक वाक्य ऐकतो, व्हिडिओ थांबवतो, तेच करून पाहतो आणि पुढे जातो. बोधनशास्त्राच्या काटेकोर दृष्टीने या मांडणीत एक अडचण आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवल्याप्रमाणे लक्ष दोन ठिकाणी विभागले गेले की कार्यस्मृतीवर, म्हणजे क्षणभर माहिती धरून ठेवणाऱ्या मर्यादित स्मृतीवर, जादा भार येतो. तरीही नुसते पाहून ‘कळले’ असे वाटण्यापेक्षा हाताने करताना अडखळणे बरे, हा पवईचा कौल योग्यच म्हणावा लागतो. आणि व्हिडिओ थांबवला की तो भारही बऱ्याच अंशी उतरतो.

अशा पाठाचे खरे काम मायक्रोफोन सुरू होण्याच्या बरेच आधी, कागदावर होते. संहिता दोन रकान्यांत लिहिली जाते: एका रकान्यात पडद्यावर काय दिसेल ते, आणि दुसऱ्यात त्याच वेळी काय ऐकू येईल ते. एका रकान्यात ‘टर्मिनल उघडलेले, पायथन हा शब्द टाइप होतो’ अशी नोंद असली, तर तिच्यासमोर ‘आता टर्मिनलवर पायथन असे टाइप करा आणि एंटर दाबा’ हे वाक्य येते, आणि त्याच्या पुढच्या ओळीत ‘एका ओळीत तीन कोनदार खुणा दिसतील, याचा अर्थ पायथन तुमच्या आज्ञेची वाट पाहत आहे’ असा खुलासा येतो. हा खुलासा अनुभवी प्रोग्रॅमरच्या लेखणीतून सहसा उतरत नाही, कारण त्या तीन खुणा त्याच्या डोळ्यांना दिसेनाशा झालेल्या असतात, आणि एंटर दाबायचे हे तर त्याच्या बोटांना त्याच्या आधी कळते. म्हणून विषयतज्ज्ञाने संहिता तपासण्याबरोबरच ती एखाद्या नवशिक्याकडेही दिली जाते. त्या विषयातले काही न येणारी ही व्यक्ती संहिता वाचत एकेक कृती करत जाते, आणि ती जिथे अडते तिथे दोष तिचा न धरता संहितेचा धरला जातो. ग्रंथप्रकाशनात मुद्रितशोधकाला मान असतो, पण ‘मला हे समजले नाही’ एवढेच सांगण्यासाठी कोणाला मुद्दाम बसवण्याची पद्धत तिथेही रुळलेली नाही.

निवेदनाच्या मजकुराचेही एक शास्त्र आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांवरून असे दिसते की चित्र आणि त्याचे तोंडी स्पष्टीकरण यांची जोडी चांगली जमते, पण तेच स्पष्टीकरण जोडीला अक्षरांतही लिहून दाखवले की शिकणे उलट मंदावते, कारण डोळे वाचू लागतात आणि चित्र मागे पडते. पडद्यावर लिहिलेली वाक्ये घडाघडा वाचून दाखवणारे कित्येक पाठ कंटाळवाणे का होतात, याचे उत्तर इथे सापडते.

ध्वनिमुद्रण हा भाग दिसायला सोपा आणि प्रत्यक्षात चिकट आहे. घरात किंवा वसतिगृहाच्या खोलीत मुद्रण करणारा निवेदक पंखा बंद करतो, खिडक्या लावतो, आणि तरीही संगणकाच्या आतल्या छोट्या पंख्याची घरघर उरतेच; ‘ऑडॅसिटी’सारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये काही सेकंदांची निव्वळ शांतता नमुना म्हणून निवडली की तिच्यातील घरघरीचा माग काढून तेवढीच पूर्ण मुद्रणातून कमी करता येते, आणि म्हणूनच जाणते निवेदक बोलायला सुरुवात करण्यापूर्वी थोडा वेळ मुद्दाम गप्प राहतात. दुसरा त्रास ओष्ठ्य व्यंजनांचा असतो. प, फ, ब, भ उच्चारताना तोंडातून निघालेला हवेचा झोत मायक्रोफोनवर आदळून धप्प असा आवाज येतो, आणि संगणकाची परिभाषा तर पायथन, प्रोग्रॅम, फाइल, फोल्डर, फंक्शन, बटन अशा शब्दांनीच भरलेली असल्यामुळे मायक्रोफोन तोंडाच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला ठेवणे हाच त्यावर स्वस्त उपाय ठरतो.

चित्राच्या बाजूने सर्वाधिक चुका अक्षरांच्या आकारात होतात. लेखकाच्या मोठ्या पडद्यावर सुबक दिसणारा कोड फोनच्या पडद्यावर मुंग्यांच्या रांगेसारखा दिसतो. त्यात व्हिडिओ लहान फायलीत बसवण्यासाठी होणाऱ्या संक्षेपाची भर पडते. हे तंत्र प्रत्येक चौकट नव्याने न साठवता आधीच्या चौकटीपेक्षा काय बदलले तेवढेच प्रामुख्याने साठवते. कोडचा पडदा बहुतेक वेळ स्थिर असल्याने दहा मिनिटांचा पाठ आश्चर्य वाटावे इतक्या कमी जागेत मावतो, पण निवेदकाने मजकूर झरझर वर-खाली सरकवला की प्रत्येक ठिपका एकदम बदलतो आणि नेमक्या त्याच क्षणी अक्षरे फिसकटतात. शिवाय प्रचलित पद्धतीत प्रकाशाच्या तीव्रतेपेक्षा रंगाची माहिती एक चतुर्थांश तपशिलानेच साठवली जाते. माणसाचा डोळा रंगाच्या कडांविषयी उदार असल्याने निसर्गदृश्यात ही काटकसर लक्षातही येत नाही, परंतु काळ्या पार्श्वभूमीवरच्या बारीक लाल किंवा निळ्या अक्षरांचे तिच्यामुळे नुकसान होते. प्रोग्रॅमरांना प्रिय असलेली काळीभोर, रंगीबेरंगी सजावट पाठापुरती बाजूला ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

स्पोकन ट्युटोरियलचे पाठ आधी इंग्रजीत तयार होतात आणि मग मराठीसह २२ भारतीय भाषांत त्यांचे डबिंग होते, मात्र पडद्यावरचे चित्र तेच राहते. नोकरीच्या ठिकाणी सॉफ्टवेअर इंग्रजीतच समोर येणार, म्हणून डोळ्यांना इंग्रजी आणि कानांना मातृभाषा, अशी ही वाटणी आहे. परिणामी ‘फाइल’ला ‘संचिका’ म्हणावे की नाही असले वाद इथे आपोआप निकाली निघतात: पडद्यावर जे लिहिलेले असते तेच उच्चारायचे. अडचण येते ती वाक्यरचनेची. मूळ इंग्रजी वाक्यात ‘एंटर दाबा’ हा भाग आधी येतो आणि ‘उत्तर पाहण्यासाठी’ हा हेतू मागाहून, त्यामुळे हेतू ऐकू येईपर्यंत उत्तर पडद्यावर अवतरते. मराठीच्या स्वाभाविक वळणाने ‘उत्तर पाहण्यासाठी एंटर दाबा’ असे म्हटले तर उत्तर दिसून जाते आणि एंटर दाबायची सूचना मागून येते. कसलेला अनुवादक म्हणून वाक्य तोडतो: ‘एंटर दाबा. उत्तर दिसेल.’ अनुवादकाच्या हाती असलेल्या संहितेत प्रत्येक वाक्यासमोर ते कितव्या मिनिटाला आणि कितव्या सेकंदाला सुरू होते याची नोंद असते, आणि मराठी वाक्य त्या वेळेत बसलेच पाहिजे. वर्तमानपत्राच्या मथळ्यासाठी अक्षरे मोजणाऱ्या उपसंपादकाच्या जातीचेच हे काम आहे.

एका बाबतीत मात्र मराठी शाळेने मोठी सोय करून ठेवलेली आहे. इंग्रजी निवेदनात कंसांचा घोळ नेहमीचा असतो, कारण ब्रिटिश आणि अमेरिकी वापरात एकाच शब्दाने वेगवेगळे कंस सूचित होतात. मराठी माध्यमात गणित शिकलेल्याला साधा कंस, महिरपी कंस आणि चौकटी कंस ही तीन नावे पाठ असतात, आणि ज्याने देवघराची महिरप पाहिली आहे त्याला मधल्या कंसाचा आकार वेगळा सांगावा लागत नाही. सी भाषेतील प्रत्येक फंक्शन महिरपी कंसात बंद होते, पायथनमधील यादी चौकटी कंसात लिहिली जाते. एवढ्या नेमकेपणाने सांगता येत असताना पुष्कळ मराठी निवेदक ‘कर्ली ब्रॅकेट’ म्हणतात, हे थोडे नवलच.

वाटपाच्या बाबतीत परवाना हा कळीचा मुद्दा आहे. स्पोकन ट्युटोरियलचे साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली दिले जाते की मूळ कर्त्याचा उल्लेख करून कोणीही त्याच्या प्रती काढाव्यात, त्यात बदल करावेत, पण बदललेले रूपही त्याच अटींवर इतरांना खुले ठेवावे. जिथे इंटरनेट दुबळे होते तिथे हवे ते विषय आणि हव्या त्या भाषा निवडून त्यांची सीडी तयार करण्याची सोय प्रकल्पाने केली होती, आणि ती वाटायला कोणाची परवानगी मागावी लागत नव्हती. वेळा नोंदवलेल्या संहितेचा आणखी एक उपयोग होतो: तीच थोड्या फेरफाराने उपशीर्षकांची फाइल बनते, आणि नेमका हवा तो शब्द पाठात कुठे आला हे शोधता येते. कोड मात्र व्हिडिओबरोबर वेगळ्या फायलीत दिलाच पाहिजे, कारण चित्रातील अक्षरे निवडून उचलता येत नाहीत. टर्मिनलपुरती, म्हणजे आज्ञा अक्षरांत टाइप करण्याच्या खिडकीपुरती, ही उणीव ‘अ‍ॅस्किनेमा’ या साधनाने दूर केली आहे. ते चित्राऐवजी टाइप झालेली अक्षरे आणि त्यांच्या वेळा नोंदवते, त्यामुळे चालू पाठ थांबवून त्यातील आज्ञा सरळ उचलून घेता येते.

या साऱ्या मेहनतीचा शत्रू म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत पडद्यावर काही छापण्यासाठी ‘प्रिंट’ लिहून पुढे अवतरणचिन्हांत मजकूर दिला की भागत असे. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून तो मजकूर साध्या कंसात घालणे सक्तीचे झाले, आणि १ जानेवारी २०२० पासून दुसऱ्या आवृत्तीचा अधिकृत सांभाळ थांबला. जुना पाठ पाहून कंसाविना तीच ओळ टाइप करणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच आज्ञेला चूक दाखवली जाते, आणि दोष आपलाच असावा अशी त्याची समजूत होते. म्हणून पाठाच्या सुरुवातीलाच तो कोणत्या कार्यप्रणालीवर आणि सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीवर मुद्रित केला ते सांगण्याची शिस्त पाळली जाते. छापील पुस्तकाला शुद्धिपत्र जोडता येते, लिखित टिपण दोन मिनिटांत सुधारता येते. व्हिडिओत तो एक कंस घालायचा तर संहितेची ओळ बदलावी लागते, पडदा पुन्हा टिपावा लागतो, इंग्रजी वाक्य पुन्हा बोलावे लागते, नवे वाक्य दोन सेकंदांनी लांबले तर त्यापुढच्या प्रत्येक वाक्याची वेळ सरकते, आणि मग ज्या ज्या भाषेत तो पाठ आहे त्या त्या भाषेचा निवेदक पुन्हा पंखा बंद करून मायक्रोफोनसमोर, किंचित बाजूला, बसतो.