साच्याची शिवण

टाइनमथच्या मेट्रो स्थानकात शनिवार-रविवारी जुना बाजार भरतो. तिथून आणलेली काचेची वस्तू मी आधी कोमट पाण्यात धुते, मग नक्षीकडे न बघता तिच्यावरून बोट फिरवते. हाताने कापलेल्या काचेचा कंगोरा टोचतो, साच्यात दाबलेल्या काचेचा गोलसर लागतो. या निळ्या वाटीवर तर साच्याचे भाग जुळतात तिथली शिवणही बोटाला लागली.

काठ दुधाळ होते. गेट्सहेडच्या डेव्हिडसन कारखान्याचं हे ‘पर्लाइन’. त्याचं पेटंट १८८९ चं. साच्यातून काढलेली वस्तू पुन्हा तापवली की काठ असे दुधाळतात. भिंगाखाली आकडा दिसला: १३०६४३. ब्रिटनमध्ये १८८४ पासून नोंदवलेल्या नक्ष्यांना १ पासून ओळीने क्रमांक मिळत गेले, त्यात हा १८८९ मध्ये बसतो. अर्थात ते साल नक्षीच्या नोंदणीचं. वाटी नंतरची असू शकते.

त्याआधी, १८४२ ते १८८३, पत्त्यांतल्या चौकटीसारखा शिक्का असे. वरच्या वर्तुळात रोमन तीन म्हणजे काच. १८६८ नंतरच्या शिक्क्यात वर दिवस, उजवीकडे वर्ष, खाली महिना. वर ३, उजवीकडे ‘यू’, खाली ‘आय’ असेल तर ३ जुलै १८७४. मँचेस्टरच्या जॉन डर्बीशरने काचेचा बसलेला सिंह नोंदवला तो हाच दिवस. लँडसीअरने ट्राफल्गर चौकासाठी घडवलेल्या सिंहांवरून तो केला होता. तीन खुणांतून नेमका दिवस हाती येतो, याचा आनंद मला अजून नवा वाटतो.

पण बहुतेक वस्तूंचा तळ कोरा असतो. मग मोजणी: काठाला दात किती, पंख्याच्या पाकळ्या किती, मुठीचं खालचं टोक कुठे वळतं. सगळं कारखान्यांच्या जुन्या माहितीपत्रकांतल्या चित्रांशी ताडायचं. एका दाताचा फरक म्हणजे दुसरी नक्षी. तेही जुळलं तरी कारखाना ठरत नाही, कारण साचे विकले जात. न्यूकॅसलचं हेपेल बंद पडल्यावर त्यांचे साचे डेव्हिडसनकडे गेले. म्हणून घाट हेपेलचा आणि काच पर्लाइन असेल, तर ती वस्तू हेपेलची नव्हे. तोवर त्यांची भट्टी विझली होती.

टेबलावर आता एक बिनखुणेचा जग आहे. दात २४ भरले. चित्रात २२ आहेत. उद्या सकाळच्या उजेडात पुन्हा मोजेन.