मनी प्लांटची बाटली आठवड्यातून एकदा घासा

शेजारून आणलेली मनी प्लांटची फांदी पाण्याच्या बाटलीत खोचली की काही दिवसांतच तिच्या पेरांना पांढरी मुळे फुटतात. खत नको, कडक ऊन नको. (चोरून आणलेली फांदी जास्त फोफावते म्हणतात, वनस्पतिशास्त्रात त्याला आधार नाही.) मूळचा पॅसिफिकमधल्या मूरिया बेटावरचा हा वेल आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आणि दवाखान्याच्या टेबलावरही दिसतो.

गैरसमज होतो तो पाण्याबाबत. बाटलीतले पाणी कमी झाले की वरून पेलाभर ओतायचे, एवढीच त्याची निगा अनेक घरांत घेतली जाते. डेंगी पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाच्या मादीला असेच स्वच्छ, साचलेले पाणी लागते. ती अंडी घालते पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ओलसर काचेवर. तिथे ती घट्ट चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. वरून पाणी ओतले की पातळी चढते, अंडी बुडतात आणि अळ्या बाहेर पडतात. उबदार हवेत अंड्यापासून डास होईपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असे आरोग्य खाते सांगते ते याच हिशेबाने.

त्यामुळे नुसते पाणी बदलून भागत नाही. बाटली आतून ब्रशने घासावी, मुळे नळाखाली धुवावीत आणि जुने पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीवर फेकावे. बाटलीच्या तोंडाशी फांदीभोवती कापसाचा बोळा घट्ट बसवला, तर मादीला आत शिरता येत नाही.

एवढे जमणार नसेल तर फांदी सरळ कुंडीत लावावी. मात्र कुंडीखालच्या थाळीतही पाणी साचू देऊ नये. वरची दोन बोटे माती कोरडी लागली तरच पाणी घालावे. मनी प्लांट बहुधा मरतो तो अति पाण्याने, मुळे कुजून. पानांवरचे पिवळे पट्टे नाहीसे होऊ लागले, तर कुंडी खिडकीजवळ सरकवावी.

हा वेल घरातली हवा शुद्ध करतो, हा दावा ‘नासा’च्या १९८९ च्या प्रयोगांवरून आला. ते प्रयोग बंद पेट्यांमधले होते. खिडक्या असलेल्या खोलीत दोन-चार कुंड्यांनी जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

घरात रांगते मूल किंवा मांजर असेल तर वेल उंचावर ठेवावा. मनी प्लांट अळूच्याच कुळातला आहे. कच्चे अळू घशाला खाजते ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि तेच स्फटिक या पानांतही असतात. पान चावले तर तोंडाची आग होते, ओठ सुजतात. अशा वेळी तोंड पुसून थंड पाणी पाजावे. सूज वाढली किंवा गिळताना, श्वास घेताना त्रास झाला तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे.