किल्ल्याच्या पाठीमागचे फुजैरा

अरबस्तानच्या नकाशावर फुजैरा हे नाव शोधावयाचे झाल्यास दृष्टी दुबई-अबुधाबीच्या प्रसिद्ध किनाऱ्यावरून उचलून पूर्वेकडे न्यावी लागते. संयुक्त अरब अमिरातीतील सात अमिरातींपैकी सहा इराणच्या आखातास लागून आहेत. एकट्या फुजैराचे तोंड तेवढे ओमानच्या आखाताकडे, म्हणजेच पर्यायाने अरबी समुद्राकडे आहे. पाठीशी हजर पर्वताच्या उघड्या, करड्या रांगा आणि समोर तो समुद्र, ज्याच्या पैलतीरावर रत्नागिरी आणि मालवण आहेत. ज्यांचे पणजे-खापरपणजे त्याच समुद्रावरून, मुंबई बंदरातून गिरमिटाचा कागद घेऊन मॉरिशसच्या ऊसमळ्यांत गेले, त्यांना हे गाव वाटते तितके परके नाही.

आजच्या फुजैराची कीर्ती बंदरामुळे आहे. १९८३ मध्ये हे बंदर पूर्णपणे चालू झाले, आणि २०१२ मध्ये अबुधाबीच्या वाळवंटातील हबशान येथून सुमारे ४०० किलोमीटर लांबीची तेलवाहिनी येथवर आणली गेली. होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून न जाता तेल थेट मोकळ्या समुद्रावर पोचावे, हा त्यामागील हेतू. त्यामुळे किनाऱ्यावर तेलाच्या प्रचंड टाक्या, दूरवर नांगरून पडलेली जहाजे आणि शहरात रुंद रस्ते, असे दृश्य प्रथम दिसते. बहुतेक प्रवासी मोटारीने येतात, २०१५ मध्ये खुली झालेली पांढरीशुभ्र शेख झायद मशीद पाहतात, तेथून उत्तरेस सुमारे ३५ किलोमीटरवरील बिदियाच्या प्राचीन मशिदीकडे जातात आणि सायंकाळी परततात. ती मशीद पाहण्याजोगी आहे, यात संशय नाही. एकाच मधल्या खांबावर चार लहान घुमट पेललेली ही मृत्तिका-पाषाणांची वास्तू इ. स. १४४६ च्या सुमाराची, म्हणजे वास्को द गामा हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागण्यापूर्वीची आहे. तथापि या धावत्या भेटीत खुद्द फुजैरा गाव पाहावयाचे राहून जाते. ते पाहण्यास पायीच हिंडावे लागते.

पडलेले बुरूज

समुद्रकाठ सोडून आत दोनेक किलोमीटर चालत गेले, की एका खडकाळ उंचवट्यावर फुजैराचा किल्ला उभा दिसतो. तीन गोल बुरूज, एक चौकोनी बुरूज आणि त्यांना जोडणारी तटबंदी. दगड, खडी, माती व गवत यांचे बांधकाम आणि वरून गिलावा. आपल्याकडील रायगड-सिंधुदुर्ग पाहिलेल्या डोळ्यांना तो लहानसा वाटेल. गढी म्हणणेच योग्य होईल. किल्ला १६७० सालचा अशी पूर्वी समजूत होती. पुढे बांधकामातील अवशेषांचे शास्त्रीय परीक्षण झाले, तेव्हा त्याचा काळ १५०० ते १५५० च्या दरम्यान जातो असे आढळले. म्हणजे अल्बुकर्कच्या पोर्तुगीज आरमाराने १५०७ मध्ये शेजारचे खोर फक्कान जाळले, त्या धामधुमीच्या काळाचा हा साक्षीदार ठरतो.

परंतु आज जो सुबक किल्ला दिसतो, तो १९९८ ते २००० या काळात डागडुजी होऊन पुन्हा उभा राहिलेला आहे. त्याचे तीन बुरूज १९२५ मध्ये तोफांनी पाडले होते. ही हकीकत गिरमिटियांच्या वंशजांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. त्या वेळी येथील शेख हमद बिन अब्दुल्ला यांच्याविरुद्ध गुलामांच्या व्यापारासंबंधी तक्रार होती. इंग्रज अधिकाऱ्यांनी 'लॉरेन्स' नावाची युद्धनौका आणून समुद्रातून किल्ल्यावर तोफा डागल्या. ही नौका रॉयल इंडियन मरीनची होती. म्हणजे मुंबईच्या गोदीशी जिचा नित्याचा संबंध, अशा हिंदुस्थानी आरमाराची. या आरमारात कोकणच्या रत्नागिरी जिल्ह्यातील खलाशांचा भरणा मोठा असे.

गुलामांचा व्यापार हा अधर्मच होता, आणि तो थांबविणे हे पुण्यकर्मच म्हटले पाहिजे. पण इतिहासाचा हिशेब असा एका ओळीत पुरा होत नाही. ज्या सरकारने या अन्यायाविरुद्ध तोफ डागली, त्याच सरकारच्या मोहोरेखाली अवघ्या आठ वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे १९१७ मध्ये ही पद्धत बंद होईतो, हिंदुस्थानातील माणसे अंगठ्याच्या ठशावर पाच-पाच वर्षांसाठी समुद्रापार पाठविली जात होती. त्यांच्या बाजूने कोणत्याही बंदरात तोफ वाजली नाही. फुजैराच्या बुरुजाखाली उभे राहिल्यावर हा विचार मनात आल्यावाचून राहात नाही.

मातीची घरे

किल्ला पाहून लोक मागे फिरतात. गाव मात्र त्याच्या पाठीमागे आहे. उंचवट्याभोवती मातीच्या विटांची जुनी वस्ती होती. काही घरे पुन्हा बांधून काढलेली आहेत, तर कित्येकांच्या अलीकडेपर्यंत जोत्यापुरत्या भिंतीच उरल्या होत्या. जाड भिंती, लहान झरोके, खजुराच्या खोडांचे वासे आणि वर मातीचा थर, अशी त्यांची रचना. ज्यांना मातीचे घर परवडत नसे, किंवा उन्हाळ्यात वारा हवा असे, ते खजुराच्या झावळ्यांचे घर बांधीत. त्यास 'अरीश' म्हणतात. कोकणात माडाच्या झावळ्यांचा मांडव किंवा झाप ज्यांनी पाहिला असेल, त्यांना अरीश समजावून सांगावे लागत नाही. झाड निराळे, युक्ती तीच.

किल्ल्याशेजारच्या संग्रहालयात जुनी हत्यारे, भांडी, दागिने आणि उत्खननात मिळालेल्या वस्तू मांडलेल्या आहेत. येथे येणाऱ्या मराठी माणसाने नाण्यांचा विचार अवश्य करावा. कारण १९६६ पर्यंत या सर्व किनाऱ्यावर रुपयाच चालत असे. प्रथम साधा हिंदी रुपया चाले. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या, आणि १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा तो व्यवहार संपुष्टात आला. खजूर इकडून मुंबईस जाई आणि तांदूळ, कापड व मलबारी सागवान तिकडून इकडे येई. मॉरिशसमध्ये अजूनही रुपया मोजणाऱ्यास या गोष्टीचे विशेष कौतुक वाटावे. हिंदी महासागराच्या दोन टोकांवरील दोन बाजारांत एकाच नावाचे नाणे खुळखुळत होते.

पाणी आणि बैल

किल्ल्यापासून खजुराच्या बागांकडे वळले, की हवा पालटते. उन्हाने भाजलेल्या रस्त्यावरून एकदम गर्द सावलीत आल्यासारखे होते. या बागा ज्या पाण्यावर जगल्या, त्याची व्यवस्था हेच या मुलुखाचे खरे वैभव होय. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली असलेले पाणी अगदी मंद उताराच्या चरातून, कधी भुयारातून तर कधी उघड्या पाटाने, गावापर्यंत आणीत. या कालव्यास 'फलज' म्हणतात. पाणी गावाचे, परंतु पाळी ज्याची त्याची. दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून वेळ मोजून प्रत्येकाच्या बागेस पाणी सोडले जाई. आपली पाळी संपली की पाटाचे तोंड बुजवून पाणी शेजाऱ्याकडे वळवावयाचे, मग आपले झाड तहानलेले का असेना. औरंगाबादच्या मलिक अंबरने सतराव्या शतकात बांधलेली नहर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही विद्या अपरिचित वाटणार नाही.

जेथे फलज पोचत नसे, तेथे विहीर आणि बैल. मधाब भागातील वारसाग्रामात जुन्या राहणीचे नमुने जपून ठेवले आहेत. त्यांत बैलांनी पाणी ओढावयाची विहीर, म्हणजे 'याझरा', पाहून मराठी मनुष्य जागीच थबकेल. विहिरीवर लाकडी चाक, त्यावरून सोडलेला दोर, दोरास कातडी पखाल, आणि उतरत्या धावेवरून चालत जाणारा बैल. ही तर आपली मोट! मोटेवरची गाणी तेवढी निराळ्या भाषेतली.

पुढे पंप आले आणि बैलांचे काम संपले. मात्र बैल गावातून गेले नाहीत. शहराच्या दक्षिण बाजूस, समुद्राजवळच्या मोकळ्या मैदानात, हिवाळ्यातील शुक्रवारी दुपारनंतर लोक मोटारी रिंगणाभोवती लावून जमतात. वशिंडाचे दोन धिप्पाड बैल समोरासमोर आणले जातात; ते शिंगांत शिंगे अडकवून एकमेकांस रेटतात. जो मागे हटेल किंवा पळ काढील, तो हरला. येथे कोणी भाला घेऊन उतरत नाही की बैलास ठार मारीत नाही. झुंज हाताबाहेर जाऊ लागली की माणसे दोर ओढून दोघांना दूर करतात. पैशाची पैज नसते. जिंकणाऱ्याच्या धन्यास मान मिळतो आणि बैलाची किंमत वाढते. गोव्यात 'धिरयो' या नावाने अशीच झुंज चाले, आणि उच्च न्यायालयाच्या निर्णयाने गेल्या शतकाच्या अखेरीस तिला बंदी झाली. फुजैरास हा खेळ कोणी आणला, याविषयी मते निरनिराळी आहेत. कोणी पोर्तुगीजांचे नाव घेतात. तूप, मध, खजूर चारून वाढविलेला तो बैल पाहताना एक गोष्ट मात्र उघड दिसते. जो कालपर्यंत पाणी ओढून घर जगवीत होता, त्याला काम सरल्यावरही घराने टाकून दिले नाही. माणसांच्या बाबतीत जगाने सर्वत्र इतके औदार्य दाखविलेले नाही.

वादीची वाट

ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी शहरापासून सुमारे १३ किलोमीटरवरील बिथना गावापर्यंत वाहनाने जावे आणि तेथून पायी हिंडावे. हे गाव वादी हामच्या काठी आहे. वादी म्हणजे एरवी कोरडे असणारे आणि पाऊस पडताच दुथडी वाहणारे नदीचे पात्र. १९७० च्या दशकात पक्की सडक होण्यापूर्वी डोंगरापलीकडे जाण्याचा मार्ग या पात्रातूनच होता; उंट आणि गाढवे हीच वाहने. ही वाट राखण्यासाठी बिथनाची गढी बांधलेली आहे. ती अठराव्या शतकातली मानली जाते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्विस संशोधकांनी येथे एक सामुदायिक थडगे उकरून काढले. ते ख्रिस्तपूर्व काळातील असून पिढ्यान् पिढ्या वापरात होते. म्हणजे माणूस या वाटेने तीन हजार वर्षे ये-जा करीत आला आहे.

वादीच्या गोट्यांतून चालताना आकाशाकडे लक्ष ठेवावे, असे येथील लोक सांगतात, आणि ते उगीच नव्हे. जुलै २०२२ मध्ये दोन दिवसांत सुमारे अडीचशे मिलिमीटर पाऊस पडला आणि फुजैराचे रस्ते पाण्याखाली गेले. कोकणात एवढा पाऊस श्रावणात कोणाच्या खिजगणतीतही नसतो. पण या कोरड्या भूमीस तो प्रलयच ठरला. अशा पावसात मातीच्या भिंती विरघळतात. गढी दुरुस्त होते, कारण तिची नोंद आहे. एखाद्या कोळ्याचे वा बागाइताचे घर एकदा मातीस मिळाले की ते कोठे होते हेही कोणी सांगू शकत नाही.

फिरून किल्ल्यापाशी

फुजैराची स्वतंत्र सत्ता इंग्रजांनी १९५२ मध्ये मान्य केली आणि २ डिसेंबर १९७१ रोजी ते अमिरातीच्या संघराज्यात सामील झाले. तेव्हापासून गाव इतक्या झपाट्याने वाढले, की जुने ते डोळ्यांदेखत दिसेनासे झाले. आज बंदरात, बांधकामांवर आणि दुकानांत हिंदुस्थानातून आलेली माणसे हजारोंनी राबतात. त्यांचा करार गिरमिटाचा नव्हे; ती विमानाने येतात आणि घरी पैसे धाडतात. पण परक्या मुलुखाचे ऊन आणि घरच्या पत्राची, आता दूरध्वनीची, वाट पाहणे हे दोन्ही अनुभव जुनेच आहेत.

पायी फिरून जे हाती लागते ते हे, की बुरूज राजाची आठवण ठेवतात. विहीर, पाट आणि झावळ्यांचे घर ही सामान्यांची आठवण, आणि तीच आधी पुसली जाते. मॉरिशसमध्ये याचा पडताळा दूर शोधावयास नको. जुन्या साखर कारखान्यांची दगडी धुराडी ऊसमळ्यांत अजून उभी आहेत. त्यांच्या पायथ्याशी मळेवाल्यांच्या छावण्यांत ज्या झोपड्या होत्या, त्या कोठे गेल्या? पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला, हे मोठेच भाग्य. तथापि घाटाच्या पायऱ्या चढून गेलेली माणसे पुढे जेथे राहिली, जेथे त्यांनी चूल मांडली आणि देव बसविले, त्या जागा घरोघरच्या वृद्धांच्या स्मरणातच आहेत.

फुजैरास जाण्याचा योग सर्वांना येईल असे नाही. परंतु आपल्या गावची छावणी कोठे होती, तिची विहीर कोणत्या झाडाखाली होती, हे आजीला विचारून, तिचा हात धरून एकदा तेथवर चालत जाणे कोणासही शक्य आहे. ती वाट दाखविणारे पाय अजून आहेत, तोवरच हे करावे.