चालती मोटारसायकल एकाएकी बंद पडली तर



ऊस विकास खात्याच्या माणसाने मोटारसायकलवर का लिहावे, असे आपणांस वाटेल. पण लागणीची नोंद द्यायला गट ऑफिसात यायचे, रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला मळ्यात जायचे, हे सगळे आता गाडीवरच होते. हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. अशा वेळी दिवा, हॉर्न, इंजिन एका क्षणात गेले तर जिवाशी गाठ आहे.

गेल्या पावसाळ्यात आमचे ठाण्याला वर्तकनगरात भाच्याकडे जाणे झाले. त्याच्या गाडीवरून उपवन तलावाकडून परत येताना पोखरण रोडवर गाडी एकाएकी गप्प झाली. काटा नाही, दिवा नाही, हॉर्न नाही. "मामा, बॅटरी गेली, नवीन घ्यावी लागणार," असे भाचा म्हणाला. ढकलत गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने सीट काढून बॅटरीचा वजा टर्मिनल हलवून पाहिला. बोल्ट ढिला होता. साफ करून आवळला, गाडी चालू! नव्या बॅटरीचे पैसे वाचले.

सरीला पाणी आले नाही म्हणून आपण लगेच विहीर खोल करत नाही. आधी फूटव्हॉल्व्ह, मोटार, पाईपलाईन बघतो. इथेही तसेच. बॅटरी म्हणजे विहीर. तिथून वीज मेन फ्यूजमधून, चावीच्या स्विचमधून पुढे जाते व चासीमार्फत बॅटरीकडे परत येते. वाट कुठेही तुटली की सगळे बंद.

गाडी बंद पडल्यास प्रथम ती रस्त्याच्या कडेला, साईडपट्टीच्याही खाली घ्यावी. मागून येणाऱ्याला बॅटरी दाखवावी. मग क्रमाने पाहावे :

१) चावी लावून हॉर्न वाजवा. दिवे लागतात पण इंजिन फिरत नाही, तर हँडलवरचे लाल बटण, साईड स्टँड व क्लच दाबून पाहा. पुष्कळदा दोष एवढाच असतो.

२) हॉर्न घोगरा, सेल्फ मारल्यावर नुसती टिकटिक, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिला आहे.

३) काहीच नाही, तर दोन्ही टर्मिनल, मग मेन फ्यूज पाहा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी घालू नका, वायरिंग जळते. नवाही लगेच उडाला तर वायर कुठेतरी घासून चासीला लागली आहे. गाडी मिस्त्रीकडे न्या.

४) हँडल वळवताना वीज येते-जाते, तर हँडलच्या मानेजवळची वायर किंवा चावीचे स्विच तपासा.

दिवा हळूहळू मंद होत गेला असेल तर चार्जिंग पाहावे. मीटरवर इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा. चालू असतानाही आकडा वाढत नसेल तर कॉईल किंवा रेग्युलेटरचा दोष. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून बघू नये, त्याने रेग्युलेटर व कॉम्प्युटर जळू शकतो.

जुन्या पुष्कळ गाड्या बॅटरी मेली तरी किकने चालत. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी पेट्रोल पंप व कॉम्प्युटर विजेवर चालतो. बॅटरी पूर्ण मेली असेल तर ढकलून चालू होण्याचा भरवसा नाही.

आपल्याकडचे दोष वेगळेही असतात. गाडीवर खताची पोती नेली की त्याची भुकटी टर्मिनलवर बसून पांढरा-हिरवा क्षार धरतो. गोठ्यात लावलेल्या गाडीची वायर उंदीर कुरतडतो. म्हणून हंगामापूर्वी टर्मिनल साफ करून आवळावेत, वर व्हॅसलीन लावावे. काढताना आधी वजा, बसवताना आधी अधिक. सीटखाली दोन जादा फ्यूज, एक पाना व एक लहान टॉर्च ठेवावी.

एवढे केले तर अंधारात आपली गाडी ढकलण्याची पाळी सहसा येणार नाही.